त्याच टायमाले

टिमटाळ्याच्या अलीकडे, गेट नंबर एक्क्याऐंशी.
माझे बाबा, मोतीराम खंडारे, तिथले गेटमन.
रजिस्टरात गाडीमागे एक ओळ,
वेळेला एकच रकाना,
खाडाखोड चालत नाही.

नऊ वर्षांपूर्वीची एक ओळ:
डाउन मेल. फाटक बंद, दोन चाळीस.
सेवाग्रामच्या दवाखान्यातल्या कागदावर
आईच्या नावापुढेही तेच, दोन चाळीस.
फोन आला तीन वाजून पाचला.
मधली पंचवीस मिनिटं बाबा
गुमटीच्या पायरीवर हरभऱ्याचे घाटे सोलत होते.

तेव्हापासून, जेवता जेवता, कधीही:
"त्याच टायमाले मी नेमकं काय करून रायलो होतो?
हँडल हाती होतं, का सोडलं होतं?"

शनिवारी अमरावतीहून आले,
चप्पल काढायच्या आत म्हणाले, बाबा,
सगळ्यांसाठी एकच 'त्याच टायमाले' नसतं.
बाबा हसले. नाल्यापल्याडची धुणं धुणारी दाखवली.
"हात आधी खाली येते, धप्प मांगून येते.
मले ठाऊक हाय. तेवढं मी वजा करतो."

ते वजा करा, मी म्हणाले.
उजेडाला पोचायला लागतो तो वेळही वजा करा.
सगळं वजा करून जे शिल्लक राहतं
ते सांगते.

टेबलावर तुरीचे तीन दाणे मांडले.
मधला म्हणजे तुमची गुमटी,
दोहीकडचे दोन, सिग्नलचे खांब, सारख्या अंतरावर.
गुमटीत कंदील पेटला.
तुमच्या हिशेबात उजेड दोन्ही खांबांना एकदमच लागला.
"लागनच ना."
आता मेलमध्ये बसा.
बंडीवरून फेकलेला गोटा बंडीचा वेग घेतो,
उजेड कोणाचाच घेत नाही;
उभ्याला तेवढाच, धावत्याला तेवढाच.
पण गाडीतून पाहता खांबच पळताहेत मागे:
नागपूरकडचा उजेडाला सामोरा येतो,
बडनेऱ्याकडचा उजेडापासून पळतो.
म्हणजे नागपूरकडचा आधी उजळला.
तुम्ही म्हणता एकदम, गाडीतला म्हणतो आधी-नंतर,
आणि दोघांचीही घड्याळं बरोबर.

बाबा बराच वेळ दाण्यांकडे बघत राहिले.
मग एक दाणा उचलून लांब, टेबलाच्या कडेला ठेवला.
"हे सेवाग्राम."

मी नको म्हणायला हवं होतं.
समजा, म्हणाले, दोन्हीकडचे काटे अगदी जुळलेले.
तर नागपूरकडे जाणाऱ्या मेलमध्ये
आई आधी गेली, मग फाटक पडलं.
मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत
फाटक आधी, आई नंतर.
"किती आधी?"
सेकंदाचे लाख कोटी तुकडे करा,
त्यातले वीसेक.
"एवढुसं."
एवढुसंच.
"पन हाय."
आहे.

बाहेर नीलगाय कापसात शिरली म्हणून
कोणीतरी डबा बडवत होतं.
बाबांनी तो दाणा तोंडात टाकला, चावला.
"मंग खरं कोनाचं?"
कोणाचंच खोटं नाही, बाबा.
ज्या दोन गोष्टींच्या मधून
उजेडही निरोप घेऊन वेळेत पोचत नाही,
त्यांच्याच आधी-नंतरची अदलाबदल होते.
फाटकाचा धक्का तिला लागला नाही,
तिची हाक तुमच्यापर्यंत येऊच शकत नव्हती.
पेरलं मग उगवलं,
हे मात्र कुठल्याच गाडीतून उलटं होत नाही.

फोन खणखणला. टिमटाळ्याहून मालगाडी सुटली होती.
बाबांनी नंबर लिहून घेतला, टोपी घातली,
दाराशी थांबले.
"फाटक आधी पडलं अन् गाडी मांगून आली,
हे तरी सगळ्याईले सारखंच दिसते ना?"
हो बाबा. हे सगळ्यांना सारखंच.
"बरं हाय मंग," म्हणाले,
आणि हँडल फिरवायला गेले.
संत्र्यांचा एक टेम्पो घाईत येत होता.
त्याला हात करून थांबवलं.